आजारी कसे पडावे : बदलीपात्र कर्मचाऱ्यांसाठी काही सूचना

शासकीय सेवेत असताना गंभीर आजार होणे ही गैरवर्तणूक नाही. निदान तसा शासन निर्णय अद्याप निघालेला नाही. तरीही आपल्यापैकी अनेक जण कोणतेही पूर्वनियोजन न करता, वरिष्ठांची पूर्वपरवानगी न घेता, वर्षाच्या वाटेल त्या महिन्यात आजार जडवून घेतात आणि बदलीचा आदेश हातात पडला की न्यायालयाचे उंबरठे झिजवू लागतात. ही चूक मी स्वतः केलेली आहे. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, डायलिसिसच्या यंत्राला जोडून पडणारा गट क मधील एक कर्मचारी, आणि गेल्या मे महिन्यात नाशिकहून सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्यात ‘प्रशासकीय कारणास्तव’ पाठवला गेलेला एक अर्जदार, या दुहेरी अनुभवाच्या आधारे पुढील सूचना नम्रपणे सादर करीत आहे.

सर्वप्रथम आजाराची निवड विचारपूर्वक करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या पदस्थापनेबाबत व बदलीबाबत शासनाला धोरण आखता येईल, असे कलम 20 मध्ये म्हटले आहे. निकामी झालेले मूत्रपिंड त्या अनुसूचीत नाही, कर्करोगही नाही. मी अनुसूची वाचली ती आजारी पडल्यानंतर. आपण आधी वाचावी.

आजाराची वेळही साधावी. राज्याच्या 2005 च्या बदली अधिनियमानुसार बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हायच्या असतात. त्यामुळे मार्चपूर्वी निदान झालेले, एप्रिलमध्ये वैद्यकीय मंडळापुढे सिद्ध झालेले आणि मे अखेरपर्यंत डोळ्यांना दिसेल असे टिकलेले दुखणे सर्वांत सोयीचे.

वैद्यकीय प्रमाणपत्र नेहमी मूळ प्रतीतच द्यावे, म्हणजे ते हरवते.

आदेश निघाल्यावर साहेबांना प्रत्यक्ष भेटण्याची प्रथा आहे, ती मोडू नये. मी भेटलो. डाव्या बाहीचे बटण काढून हात टेबलावर ठेवला. या हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडलेली आहे, मनगटावर बोट ठेवले तर आत काहीतरी सतत घरघरत असल्याचे जाणवते आणि याच जागी आठवड्यातून तीनदा दोन जाड सुया टोचतात, हे मी शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितले. नव्या ठिकाणापासून डायलिसिसचे केंद्र नव्वद किलोमीटरवर आहे, हेही सांगितले. साहेबांनी हात लांबूनच पाहिला, मोबाइल उलटा ठेवला आणि अत्यंत आत्मीयतेने म्हणाले, “शहाळ्याचं पाणी घेत जा रोज. किडनीला फार चांगलं.” माझ्यासारख्या रुग्णाच्या रक्तात साचणारे पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते आणि शहाळ्यात ते भरपूर असते, म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी जी यादी दिली तिच्यात शहाळे वरच्या तीन पदार्थांत होते. बदलीऐवजी साहेबांनी सरळ शहाळेच पाठवले असते, तर प्रकरण लवकर निकाली निघाले असते.

आमदारांचे पत्र आणू नये. वरिष्ठांवर बाहेरून दबाव आणणे वर्तणूक नियमांनुसार गैरवर्तन आहे, आणि शिवाय ज्याला आपली खुर्ची हवी आहे त्याने ते आधीच आणलेले असते.

आता न्यायालयाविषयी. शासकीय कर्मचाऱ्याला आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्या ‘मॅट’कडे जावे लागते आणि तेथील निर्णय मान्य नसेल तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे, हा क्रम सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये चंद्रकुमार प्रकरणात घालून दिलेला आहे. तेथे जाणाऱ्याने एक पथ्य कसोशीने पाळावे : आजाराविषयी फार बोलू नये. शिल्पी बोस प्रकरणात 1991 मध्येच ठरलेले आहे की बंधनकारक नियमाचा भंग किंवा आकस असल्याखेरीज न्यायालयाने बदलीत हात घालू नये. पुढे 1993 मध्ये अब्बास यांचे प्रकरण आले. शिलाँगला भारतीय वनस्पती सर्वेक्षणात उद्यानाची देखभाल पाहणारा हा कर्मचारी; त्याची बदली पौडीला, म्हणजे तेव्हाच्या उत्तर प्रदेशातल्या डोंगरात झाली होती. पत्नीची नोकरी शिलाँगला आहे, मुले तेथेच शिकत आहेत आणि आपल्या पाठीच्या कण्याला दुखापत झालेली आहे, असे त्याने मांडले. कोणाची बदली कोठे करायची हे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवायचे आणि मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याआधी 1989 मध्ये गुजरात विद्युत मंडळाच्या प्रकरणात हेही स्पष्ट झाले होते की निवेदन प्रलंबित आहे एवढ्या कारणाने नव्या जागी रुजू न होण्याचा अधिकार मिळत नाही. थोडक्यात, आधी रुजू व्हावे, मग कण्हावे. न्यायालयांचेही बरोबर आहे. प्रत्येक पाठदुखीला स्थगिती द्यायची तर गडचिरोलीत एकही कर्मचारी उरणार नाही.

माझ्या वकिलांनी हे सर्व मला नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेसने पहिल्यांदा गेलो त्या दिवशीच समजावले. दिवसभरात एकूण एक लिटर पाण्याची मुभा असलेला मनुष्य मे महिन्यात मुंबईला जातो तेव्हा बाटलीवर पेनाने खुणा करून नेतो. तशी खुणा केलेली बाटली मांडीवर घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांनी माझी अडीचशे पानांची वैद्यकीय फाईल न उघडता बाजूला सरकवली आणि विचारले, “नागरी सेवा मंडळाचं इतिवृत्त मिळालंय का? सह्या किती आहेत?” मला राग आला. नंतर कळले की बदल्यांची शिफारस करणारे अधिकाऱ्यांचे मंडळ ते हेच आणि तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. गट क च्या कर्मचाऱ्याला मंत्रालयाबाहेर दोन पूर्ण कार्यकाळ, म्हणजे सहा वर्षे मिळतात. माझी चारच झाली होती. त्याआधी हलवायचे तर विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. हे सूचनांमध्ये नाही, अधिनियमात आहे; म्हणून ते मोडले तर न्यायाधिकरण आदेश रद्द करू शकते आणि करतेही. उलट, मुदतवाढ कोणाला देता येते हे सांगणाऱ्या कलम 5 मध्ये निवृत्तीला वर्षही न उरलेला कर्मचारी आहे, खास तांत्रिक अनुभवाचा कर्मचारी आहे. आजारी कर्मचारी नाही. तेव्हा तात्पर्य असे की आपली दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तरी आपण हरतो आणि इतिवृत्तावर एका सदस्याची सही राहिली असेल तर जिंकतो. म्हणून देवाकडे मागायचेच असेल तर आरोग्य मागू नये, विस्मरणशील सदस्य मागावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना आता देतो : आजारी माणसाने कामावर जाऊ नये.

मी गेलो. चार वर्षे गेलो. दिवसा डायलिसिस घेतले तर आठवड्यातून तीन रजा पडतात, म्हणून मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रात्री आठची पाळी मागून घेतली. बाराला सुया निघत, सुईच्या जागी बोळा दाबून धरत दहा-पंधरा मिनिटे बसावे लागे, घरी पोहोचायला एक वाजे आणि बुधवारी, शुक्रवारी सकाळी पावणेदहाला मी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवलेला असे. पायांत गोळे येत, बसल्या जागी रक्तदाब उतरे, तेव्हा टेबलाच्या खणातला मिठाचा पुडा चाटून मी पुढची फाईल ओढत असे. कोणाला उपकार म्हणून हे केलेले नाही, पगार घेत होतो म्हणून केले. पण ज्या वर्षी माझ्या शेजारच्या धडधाकट सहकाऱ्याने वैद्यकीय रजा अगदी शेवटच्या दिवसापर्यंत वसूल केल्या, त्या वर्षी माझ्या नावावर केवळ अकरा दिवस लागले होते. या अकरा दिवसांचे पुढे काय झाले ते ऐकावे. शासनातर्फे न्यायाधिकरणापुढे जे शपथपत्र दाखल झाले, त्याच्या परिच्छेद सातमध्ये असे लिहिले आहे की, ‘हजेरीपटानुसार अर्जदार कार्यालयात नियमित उपस्थित असल्याने त्याचा आजार कर्तव्यात बाधा आणणारा असल्याचे दिसून येत नाही.’ हे वाचून मी पान उलटले. परिच्छेद नऊमध्ये लिहिले आहे, ‘अर्जदाराची प्रकृती विचारात घेता त्यास सध्याच्या जबाबदारीच्या कार्यासनावर ठेवणे कार्यालयीन हिताचे नाही.’ म्हणजे सातव्या परिच्छेदात मी ठणठणीत आहे, म्हणून तीनशे किलोमीटरवर जाऊ शकतो. आणि नवव्या परिच्छेदात मी इतका आजारी आहे की येथे बसू शकत नाही. आठव्या परिच्छेदात मला नेमके काय झाले याचा मी पुष्कळ शोध घेतला. त्यात फक्त परिच्छेद सहामधील मजकूर नाकारलेला आहे. हे ज्याने लिहिले तो मूर्ख नाही. हे लिहिणाऱ्याने आधी निर्णय घेतला आणि मग माझ्या शरीरातून सोयीची कारणे उचलली, जसे आपण भाजीवाल्याच्या पाटीतून निवडून वांगी घेतो. शपथेवर लिहिलेल्या कागदात दोन पानांच्या अंतराने एक माणूस धडधाकट आणि निकामी ठरवताना ज्याचा हात अडखळत नाही, त्याला माझ्या हजेरीपटाकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणी दिला? तो हजेरीपट मी रात्री बारापर्यंत रक्त गाळून भरलेला आहे.

असो. सूचनांकडे वळतो.

न्यायाधिकरणात पहिल्या फेरीत ‘चार आठवड्यांत निवेदनावर निर्णय घ्यावा’ असा आदेश मिळाल्यास पेढे वाटू नयेत. निर्णय घेतला जातो. माझ्या बाबतीत तो एका ओळीत बसला : ‘प्रशासकीय निकड पाहता विनंती मान्य करता येत नाही.’ निकड कोणती, हे विचारायचे असेल तर न्यायाधिकरणात नवा ‘मूळ अर्ज’, म्हणजे पुन्हा नवे प्रकरण.

आणि स्थगितीची वाट पाहत घरी बसू नये, कारण आदेश शुक्रवारी संध्याकाळी सहाला येतो, त्याच दिवशी मध्यान्होत्तर आपण एकतर्फी कार्यमुक्त झालेले असतो आणि पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यापासून ज्या कार्यालयात शनिवारी शिपाईसुद्धा फिरकत नाही, त्या कार्यालयात आपल्या जागी आलेला कर्मचारी शनिवारी सकाळी रुजू होतो. माझ्या जागी तसाच झाला. सोमवारी न्यायाधिकरणाने विचारणा केली तेव्हा ‘पद भरलेले आहे’ हे उत्तर तयार होते. ते कार्यासन कोणते, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळले आहे.

येथपर्यंत मी उपरोधाने लिहीत होतो. तो आता पुरे.

ज्या अधिनियमाचा आधार घेऊन माझी बदली केली, त्याच अधिनियमाचे पूर्ण नाव एकदा वाचा. त्यात ‘शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध’ असेही शब्द आहेत. कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका टेबलावर राहू नये, असे त्याच्याच कलम 10 मध्ये लिहिलेले आहे. माझे निवेदन तुमच्या टेबलावर एकेचाळीस दिवस होते. त्या एकेचाळीस दिवसांत मी अठरा वेळा यंत्राला जोडला गेलो. मला घालवायला तुम्हाला एक संध्याकाळ पुरली आणि माझे दोन पानांचे निवेदन वाचायला सहा आठवडे अपुरे पडले. अंतिम वेतन प्रमाणपत्र अजून पाठवलेले नाही, म्हणून पगार नाही. त्याला कोणती प्रशासकीय निकड आड येते, ते तरी शपथपत्रात लिहा.

आणि ज्यांनी अँजिओप्लास्टीची खोटी प्रमाणपत्रे जोडून वर्षानुवर्षे शहरातल्या सोयीच्या जागा धरून ठेवल्या, त्या माझ्या सहकाऱ्यांनाही सांगतो : माझी फाईल न उघडता बाजूला सरकवली जाते ती तुमच्यामुळे. खऱ्या रुग्णाचा कागद पाहूनही वरिष्ठ ओठ मुरडतात, कारण तुमचे कागद त्यांनी पाहिलेले आहेत, काही वेळा मंजूरही केलेले आहेत. साहेबांसमोर मला बाही वर करावी लागली, ती तुम्ही कधी केली नाही. तुम्हाला लाज वाटली पाहिजे.

साहेब, तुम्हाला माझी बदली करण्याचा अधिकार आहे, हे मी नाकारत नाही. कारणे लिहा, वरिष्ठांची मान्यता घ्या, जेथे यंत्र आहे अशा गावी पाठवा, मी उद्या रुजू होतो. विभागात अशी गावे आहेत. एक फोन करून विचारले असते तरी कळले असते. तुम्ही तो फोन केला नाहीत. पुढची तारीख मंगळवारची पडली आहे. सुनावणी लांबली तर मुंबईहून परतून रात्री आठची पाळी मला गाठता येणार नाही. न्यायाधिकरणात शासनाची बाजू मांडणाऱ्या आपल्या सादरकर्त्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी पुन्हा मुदत मागू नये, एवढे तरी त्यांना कळवा.