चांगदेवाच्या ताटात शेवभाजी

गावच्या महानाट्याची संहिता लिहायला घेतलीत ना? मग आधी शब्द नीट समजून घ्या. फडताळात धूळ खात पडलेला ट्रान्झिस्टर हा कालबाह्य. तोच चाळीसगावजवळच्या पाटणच्या मठात, शके 1128 मध्ये (म्हणजे इसवी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला) वाजला, की झाला कालविपर्यास. कालबाह्य व्हायला नुसतं जुनं व्हावं लागतं. कालविपर्यासाला लेखक लागतो.

विषय झकास आहे. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेव मठ काढतो. (तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे. पण यांनाच वाघावर बसवून आणा, टाळ्या हमखास.)

ट्रान्झिस्टर वाजवला तर शेंबडं पोरही ओळखेल, म्हणून पंगतीच्या वाटेनं शिरा. ताटात शेवभाजी हवीच, तर्री लालभडक. मिरची अमेरिका खंडातली, इकडे आणली पोर्तुगीजांनी. म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरला त्या 1498 नंतरच. शेंगदाणा, टोमॅटो, बटाटाही तिकडचेच. भरीत मात्र धोक्याचं. वांगं इथलंच, जुनं. कपाशीच्या काड्यांवर भाजलंत तरी चूक सापडायची नाही. तेव्हा ठेचलेली हिरवी मिरची आणि मूठभर शेंगदाणे विसरू नका. कुणी मिरी किंवा पिंपळी सुचवली तर त्याला पडदा ओढायच्या कामावर बसवा.

सूत्रधाराचं पहिलंच वाक्य ठेवा, ‘खानदेशच्या या पावन भूमीत’. नावातले खान म्हणजे फारुकी, ते आले चौदाव्या शतकाच्या शेवटी. मठाच्या वेळी, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या काळी, हा मुलूख सेऊणदेशात मोडायचा. पण ते नाव पोस्टरवर कोण वाचणार? राजाला म्हणू द्या, ‘हुजूर, जमिनीचा हिशेब झाला, मठाच्या खर्चाला हजार रुपये मंजूर.’ हुजूर, जमीन, हिशेब, खर्च, मंजूर, सगळे फारसी-अरबी शब्द. अल्लाउद्दीन देवगिरीवर आला तोच 1296 मध्ये. रुपया शेरशहाचा, सोळाव्या शतकातला. द्रम्म हे त्या काळचं नाणं म्हणालात तर सगळी मेहनत वाया. आणि पाटणचा शिलालेख चुकूनही वाचू नका. त्याच्या शेवटी त्या काळची मराठीच कोरलेली आहे, ‘इयां पाटणीं’ अशी. ती कानात बसली की हुजूर लिहायला हात धजत नाही.

राहिला सोंगाड्या. तो वगात राजासमोर खिशातून मोबाईल काढतो, ‘रेंज नाही महाराज’ म्हणतो आणि मांडव हसतो, कारण चूक जाणून केलेली आहे हे त्याला आणि मांडवाला, दोघांनाही ठाऊक असतं. तेवढा प्रवेश कापा. इतिहासाची थट्टा खपवून घेऊ नका.