पंपाची सवय लागते का? ऐरोलीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. श्वासनलिका एकच असते आणि मी 'नळ्या' लिहून लोकांना गोंधळात टाकते, असं तुम्ही म्हणता. दम्याच्या पंपाची (इनहेलरची) एकदा सवय लागली की सुटत नाही, तुमचा मुलगा गोळ्या आणि अडुळशाच्या काढ्यावरच बरा झाला, म्हणून रात्री खोकणाऱ्या नातवासाठीही तुम्ही सुनेला पंप आणू दिला नाहीत. मी डॉक्टर नाही, दम्याच्या मुलीची आई आहे. पण नातवाचं वाचल्यावर गप्प बसवेना.

श्वासनलिका एकच, हे खरंच. गळ्यावर बोट फिरवलं तर तिच्या कूर्चेच्या, म्हणजे लवचीक हाडासारख्या, कड्या हाताला लागतात. पण छातीत उतरल्यावर तिचे दोन फाटे होतात, त्या श्वसनी. मग फाट्यांना फाटे, असं साधारण २३ वेळा, थेट वायुकोशांपर्यंत. वरच्या नळ्यांना कूर्चेचा आधार असतो. मिलिमीटरभराहून बारीक झाल्या की तो आधार संपतो, भोवतीचा स्नायू मात्र राहतो. दमा धरतो तो मुख्यतः या मधल्या आणि बारीक नळ्यांना. स्नायू आखडतो, अस्तर सुजतं, त्यात चिकट कफ. आणि नळीचा व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळापट वाढतो. म्हणून मी 'नळ्या' लिहिलं.

मानपाड्याला राहायला आलो तेव्हा समोर टॉवरचं काम चालू होतं, खिडकीच्या गजांवर रोज सिमेंटची पूड. लेक चार वर्षांची. एका रात्री दोन वाजता उठून बसली, हात गादीवर रोवलेले, खांदे वर. दिवा लावला तर प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. श्वास घ्यायची घाईघाईने, सोडताना मात्र लांबलचक शिट्टी. श्वास सोडताना नळ्या मुळातच थोड्या अरुंद होतात, म्हणून दम्यात हवा बाहेर पडतानाच जास्त अडते. त्याआधी आठ महिने आम्ही तिला गोळ्या-सिरपवर ठेवलं होतं, तुम्ही म्हणता त्याच सवयीच्या भीतीने. ते आठ महिने मला अजून सलतात.

गोळी सौम्य आणि पंप जहाल, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. सालब्युटामॉल म्हणजे आखडलेल्या नळ्या सैल करणारं औषध. त्याच्या पंपाच्या एका पफात, म्हणजे एकदा दाबल्यावर, १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची लहान गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस पफांइतकी. ती पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर जाते. गोळी घेतली की लेकीचे हात थरथरायचे, पाटीवरचा 'ग' वाकडा यायचा.

सवयीच्या भीतीत मात्र तथ्य आहे काका, पण ते निळ्या, म्हणजे सालब्युटामॉलच्या, पंपापुरतं. तो आखडलेला स्नायू काही मिनिटांत सैल करतो, सूज तशीच राहते. बरं वाटतं म्हणून माणूस तोच पुन्हापुन्हा ओढतो आणि आतून दमा बळावत जातो. त्यामुळेच २०१९ साली दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं सांगितलं. सूज उतरवतो तो दुसरा पंप, स्टेरॉइडचा. त्याने लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक तोच सोडून देतात. खोकला थांबला तरी सूज असतेच. तो रोज घ्यावा लागतो तो या सुजेमुळे, त्याला व्यसन कसं म्हणायचं?

अडुळशाला मी नावं ठेवणार नाही. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच तयार झालं. पण नळ्यांच्या सुजेसाठी मी काढ्यावर विसंबणार नाही. तुमचा मुलगा बरा झाला याचा आनंद आहे. पुष्कळ मुलांचा त्रास वयाबरोबर कमी होतो, नळ्याही वाढतात, रुंद होतात. नातवाचं तसं होईलही, पण तोवरच्या रात्री त्यालाच काढायच्या आहेत.

त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी पंप लिहून दिला तर सूनबाईंना आणू द्या. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावूनच द्या म्हणावं, नाहीतर बरंचसं औषध घशातच बसतं. आणि स्टेरॉइडचा पंप झाला की चूळ भरायला लावा, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येऊ शकते.