शाल-नारळ पुरे, गुरुजींचे तास परत द्या

५ सप्टेंबर जवळ आला की माझ्या फीडवर शाली दिसायला लागतात. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मंडळाचे अध्यक्ष आणि मध्ये अवघडून उभे असलेले गुरुजी. मागच्या बॅनरवर सगळ्यात मोठा फोटो आयोजकाचा. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे, त्यामुळे असल्या फोटोंत मीही असते, यंदाही असेन. कौतुकाला माझी ना नाही. पण ज्यांचं कौतुक करायचं त्यांचा दिवस कसा जातो ते एकदा बघा, आणि मग ठरवा त्यांना शालच हवी आहे का.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. कारकूनही नसतो. नाशिक शहरातल्या माझ्या मैत्रिणींना हे आधी खरंच वाटत नाही, कारण त्यांच्या मुलांच्या शाळेत गेटवर वॉचमन, ऑफिसात क्लार्क आणि फी घ्यायला वेगळी खिडकी. आमच्याकडे कुलूप उघडणारे, टाकीत पाणी चढलं का बघणारे, घंटा देणारे, दाखला लिहिणारे आणि पहिलीच्या पोराचं नाक पुसणारे सगळे तेच. वर्ग चार, शिक्षक दोन. त्यातल्या सरांकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार. सर पंचायत समितीत मिटिंगला गेले की मॅडम चारही वर्ग एकट्या ओढतात. दुसरीला फळ्यावर गणितं, चौथीला गटात वाचन, पहिली जवळ बसवलेली, आणि तिसरीवर नुसती नजर. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे हिशेब चोख आहे. फक्त ही मुलं चार इयत्तांची असतात, ते भागाकारात कुठे येत नाही.

आणि मग माहिती. यूडायस प्लस आणि सरल ही शाळेची-मुलांची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, प्रत्येक मुलाचा ओळख क्रमांक म्हणजे अपार आयडी, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे फॉर्म, गणवेशाची मापं, मुलांची बँक खाती, झाडं लावल्याचे फोटो, झाडं जगल्याचे फोटो. कायद्याचं कलम २७ सांगतं की दहा वर्षांनी होणारी जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकांना शाळेबाहेरची कामं लावू नयेत. आता ही पोर्टलं शाळेचीच, म्हणून ती कलमात सापडत नाहीत. पण वेळ तोच जातो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'तातडीचे' येतं, मग 'अतितातडीचे', मग नुसतं 'आजच'. आमच्या शाळेत रेंज नीट नाही, सर मोबाईल घेऊन आवारातल्या कोपऱ्यात जातात. तेवढा वेळ एक वर्ग मोकळा. येत्या काळात २०२७च्या जनगणनेचं काम आहे, शिवाय आपल्या जिल्ह्याला कुंभमेळा आहे. यंत्रणेवर ताण आला की त्यातला थोडा शाळेच्या दारात येऊन पडतोच, हे ज्याने गाव बघितलंय त्याला सांगायला नको.

सत्काराच्या फोटोत जे कधीच नसतात त्यांच्याबद्दल आता. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोन मावशी आहेत. नियम असा, की २६ ते १०० मुलांना दोन स्वयंपाकी-मदतनीस. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ. तांदूळ निवडणं, चूल किंवा गॅस, भांडी, मुलांना वाढणं, ओटा धुणं, आणि कुणाचं पोट दुखतंय, कोण घरून उपाशी आलंय हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. मानधन २०२३ मध्ये १५०० वरून २५०० रुपये झालं. महिन्याचं. आणि वर्षाकाठी दहाच महिने. द्राक्षाच्या हंगामात बाईला एवढी मजुरी आठवडा-दीड आठवड्यात सुटते. तरी त्या बागेवर न जाता शाळेत येतात. का, असं मी एकदा विचारलं होतं. "नातू तिथंच बसतो ना," एवढंच म्हणाल्या. शिक्षकदिनाला यांचं नाव पुकारलं गेलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

तसेच ते दिव्यांग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतले, बरीच वर्षं करारावर काढलेली माणसं. जे मूल शाळेपर्यंत येऊच शकत नाही त्याच्या घरी जाऊन शिकवायचं, आईला व्यायाम दाखवायचे, दिव्यांग प्रमाणपत्राच्या कॅम्पला सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचं. पेठच्या बाजूला सावळघाट उतरून पाड्यापाड्यांवर मोटारसायकलने हे काम करणाऱ्या ताई मला माहीत आहेत. पावसाळ्यात तिथे काय अवस्था असते ते त्या रस्त्याने गेलेल्यांना ठाऊक आहे. आणि आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख? जागा रिकाम्या राहिल्या की एकाच माणसाकडे दोन-दोन केंद्रं. शाळेला भेट द्यायची, पाठ बघायचा, शिक्षण परिषद घ्यायची, वर माहिती गोळा करून पाठवायची. यातलं शेवटचं काम पहिली तीन खाऊन टाकतं.

पंचायत समितीच्या शिक्षण विभागातल्या कारकुनांना शिव्या घालणं हा शिक्षकांचा आवडता उद्योग. मेडिकल बिल अडलं, सेवापुस्तकात नोंद नाही, पगार उशिरा. कामं अडतात हे खोटं नाही, एका कार्यालयात आमच्या शाळेच्या खोलीची फाईल अशी रुतून बसली होती की शेवटी आम्ही बायका समितीचा ठरावच घेऊन जाऊन बसलो. पण त्याच विभागात शेकडो शिक्षकांच्या पगाराची बिलं मोजकी माणसं काढत असतात हेही तिथेच बसून बघितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सगळेच गुरुजी झिजतात असं मी म्हणणार नाही. काही शिक्षकांचं लक्ष कायम बदलीच्या यादीवर असतं. काहींचा दिवस मोबाईलवर. पालकांनाही ते कळतं आणि मग गावातून खासगी शाळेची पिवळी बस भरून जाते, हे मी रोज सकाळी बघते. पण आपल्याकडे टीका होते ती नेमकी भलत्या जागी. गावात चर्चा कसली, तर सर मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहतात का नाशिकहून येतात! हा वाद मला पोकळ वाटतो. गावात भाड्याने द्यायला धड खोली नाही, त्यांच्या मुलांना शिकायला पुढे शाळा नाही, आणि आपण त्यांना राहिल्याचा दाखला मागतो. ग्रामसभेने तो दाखला देऊन टाकायचा आणि दोघांनीही खोटं बोलायचं, असा हा खेळ चालतो. सर वेळेवर येतात का आणि मूल वाचायला शिकलं का, एवढंच विचारायला हवं. त्यातलं दुसरं विचारणारे फार थोडे.

कारण ते विचारलं की आपल्यालाही काहीतरी करावं लागतं.

सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत सुरू केलं. उद्दिष्ट सरळ आहे: २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, लिहिता यावं, साधी गणितं यावीत. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत शिक्षणखात्याच्या कागदावर आलेली ही सगळ्यात शहाणपणाची ओळ आहे. पण तीही परिपत्रक म्हणून आली. सुरगाण्याच्या पाड्यावर जिथे मूल घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलतं तिथेही तीच, निफाडच्या बागायती गावात आणि मालेगावच्या दाट वस्तीतही तीच. पंधरा तालुके, कागद एक. शिक्षकांना वाटलं आणखी एक चाचणी आली, पालकांना तर पत्ताच नाही. ध्येय सगळ्यांचं म्हणायचं आणि ओझं एकट्या शाळेच्या खांद्यावर, हे कसं चालेल?

आमच्या समितीत यावर बरीच वादावादी झाली. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, पण आमच्याकडे बराच काळ निम्म्या बायका नुसत्या सहीच्या. मिटिंगमध्ये बोलणारे ठरलेले, विषयही ठरलेले: कंपाउंड, रंगरंगोटी, डिजिटल क्लासरूमचा टीव्ही. शाळा विकास आराखडा करताना मी हट्टाने एकच गोष्ट वर लिहायला लावली, की यंदाच्या तिसरीला वाचता आलं पाहिजे, बाकीचं खाली. एक सदस्य म्हणाले, "ताई, हे गुरुजींचं काम. आपलं काम बांधकामाचं." मग सरांनाच विचारलं, तुम्हाला आमच्याकडून काय पाहिजे. सर आधी संकोचले. मग त्यांनी जे सांगितलं त्यात एकही मोठी गोष्ट नव्हती. आधारवर मुलाचं नाव आणि जन्मतारीख बरोबर करून आणा, कारण आधार जुळलं नाही की ते मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, मोजायची पंचाईत, आणि त्या दुरुस्तीसाठी मीच पालकांच्या मागे फिरतो. शौचालय साफ करायला कुणीतरी नेमा. मुलाला लग्नाला न्यायचं तर एक दिवस न्या, आठवडा नको. संध्याकाळी दहा मिनिटं त्याचं वाचन ऐका. तुम्हाला वाचता येत नसलं तरी ऐका.

ग्रामपंचायतीने सफाईला माणूस दिला. आधारचं निम्मं झालं, निम्मं लोंबकळतंय, कारण मजुरी बुडवून सेंटरला कोण जाणार. वाचन ऐकायचं काम मात्र माता पालक गटातल्या बायकांनी उचललं, आणि गंमत अशी की ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्या जास्त काटेकोर. पोरगं अडखळलं की "परत वाच" म्हणतात. त्यातल्या एकीने मॅडमना विचारून स्वतःही अक्षरं गिरवायला घेतली आहेत. सगळी तिसरी वाचते असा दावा मी करणार नाही. पण तास वाचले, आणि वाचलेले तास वर्गात गेले. ते मॅडमच्या आवाजावरून कळतं, पूर्वी दुपारी चार वाजेपर्यंत तो बसलेला असायचा.

मधूनमधून कुणीतरी मला त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीच्या शाळेचा व्हिडिओ पाठवतं. वर्षाचे ३६५ दिवस भरणारी शाळा, दोन्ही हातांनी लिहिणारी मुलं. त्या शिक्षकांना माझा साष्टांग नमस्कार. पण व्हिडिओच्या खाली "आपले गुरुजी का नाही असं करत?" आलं की मला राग येतो. असामान्य माणसावर शाळा उभी राहू शकते, जिल्हा नाही. जिल्हा उभा राहतो तो दहा ते पाच नेटाने शिकवणाऱ्या साध्या शिक्षकावर. त्याला ते शिकवू देणं एवढंच आपल्या हातात आहे. आणि हो, नवीन लागलेला प्राथमिकचा शिक्षणसेवक पहिली तीन वर्षं १६,००० रुपयांवर काम करतो, २०२३च्या आधी तर ६,००० होते. त्याच्याकडून ३६५ दिवस मागताना हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. थोड्याच दिवसांत द्राक्षबागांच्या छाटण्या सुरू होतील आणि पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या आपल्या बागांवर येतील. बरोबर मुलं असतात. मोठी पोर लहान्याला सांभाळत वेलींखाली बसलेली, हे आपण सगळ्यांनी बघितलंय, आपल्याच बागेत बघितलंय. त्या मुलांच्या गावच्या शाळेने त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवायचं असतं आणि आपल्या शाळेने त्यांना बसवून घ्यायचं असतं. दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. कागद तयार आहेत. अडतं ते एवढ्यावरच, की मुलं आली आहेत हे शाळेला कळतच नाही. मॅडम सुट्टीच्या दिवशी बांधाबांधाने फिरून मुलं शोधतात. गेल्या हंगामात अशाच एका मुलीसाठी मॅडम आणि तिच्या पाड्यावरचे गुरुजी आठवड्याला फोनवर बोलायचे, तिचं कुठलं पान झालं आणि कुठलं राहिलं. त्यांची अजून प्रत्यक्ष भेट नाही.

म्हणून माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या बागायतदार भावांना विनंती. यंदा शाल घेऊ नका. टोळी उतरेल त्या दिवशी मुकादमाला विचारा, शाळेच्या वयाची किती मुलं आहेत, आणि तो आकडा त्याच संध्याकाळी सरांना फोन करून सांगा. मुकादमाचा नंबर शाळेत देऊन ठेवा. मजुरांना आणायला पिकअप जातेच, सकाळी परत येताना तीच शाळेवरून फिरवा. टोळी दुसऱ्या गावाला हलणार असली तर दोन दिवस आधी कळवा, म्हणजे पुढच्या शाळेला फोन जाईल. सरांचा नंबर ज्यांच्याकडे नाही त्यांनी माझ्याकडून घ्या.