गॅट्सबीच्या पार्टीत नसलेला माणूस

‘द ग्रेट गॅट्सबी’ म्हटलं की लोकांना पार्ट्या आठवतात. शॅम्पेन, जॅझ, झगमगते कपडे, २०१३च्या चित्रपटात लिओनार्डो डिकॅप्रिओने उंचावलेला ग्लास. थर्टीफर्स्टला आणि हल्ली लग्नाच्या संगीतालासुद्धा ‘गॅट्सबी थीम’ असते. मला याचा खरंच त्रास होतो. ज्याने ही कादंबरी शेवटपर्यंत वाचली आहे, त्याला त्या पार्टीची हौस कशी वाटेल?

स्कॉट फिट्झजेराल्डची ही कादंबरी १९२५ साली आली. कथा १९२२च्या उन्हाळ्यातली, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि गॅट्सबीचा पैसा बराचसा चोरट्या दारूतूनच आलेला. त्याच्या बंगल्यावर दर शुक्रवारी संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या येतात आणि सोमवारी त्याच फळांच्या सालींचा ढीग मागच्या दाराने बाहेर जातो. स्वयंपाकघरातलं यंत्र अर्ध्या तासात दोनशे संत्र्यांचा रस काढतं, पण त्यासाठी बटलरला अंगठ्याने दोनशे वेळा बटण दाबावं लागतं. सगळा झगमगाट रंगवताना लेखक तो अंगठा विसरत नाही, म्हणून मला हा लेखक एवढा आवडतो.

पाहुण्यांपैकी बहुतेकांना आमंत्रण नसतंच. लोक येतात, पितात, नाचतात आणि यजमानाला न भेटताच निघून जातात. त्याचीच दारू पिऊन त्याच्याबद्दल कुजबुजतात, की याने म्हणे खून केलाय, हा म्हणे जर्मन हेर होता. एका मुलीचा गाऊन पार्टीत फाटतो, तर आठवड्याच्या आत तिच्या घरी २६५ डॉलरचा नवा गाऊन पोचतो. तरी तिच्या मैत्रिणीला यात काहीतरी काळंबेरं दिसतंच. गॅट्सबी स्वतः थेंबभरही घेत नाही. पायऱ्यांवर एकटा उभा राहून गर्दीकडे पाहत असतो.

यावरून सर्रास म्हटलं जातं की पैशाने माणूस एकटा पडतो. मला हे अजिबात पटत नाही. याच कादंबरीत टॉम आणि डेझी ब्युकॅनन हे नवराबायको पिढीजात श्रीमंत आहेत. टॉमची भानगड चव्हाट्यावर आलेली, डेझीच्या हातून गाडीखाली एक बाई मेलेली. आणि त्याच रात्री ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून पुढचं काय ते ठरवताना दिसतात. त्यांना त्यांचा पैसा एकटं पाडत नाही, उलट सांभाळून घेतो.

गॅट्सबीचं एकटेपण पैशाच्या कितीतरी आधीचं आहे. नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा, जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी त्याने नाव बदललं आणि आपल्या माणसांनाही मागे टाकलं. पुढे शेजारी निकला तो सांगतो की मी बड्या घरातला, घरचे सगळे वारले. अशा माणसाला त्याला खरोखर ओळखणारं कुणीही परवडत नाही. शेकडो अनोळखी लोक मात्र चालतात, कारण ते काही विचारत नाहीत आणि विचारलं तरी उत्तरासाठी थांबत नाहीत. माझ्या मते त्या पार्ट्या म्हणजे त्याचा आडोसा होता. त्यात एकच माणूस हवा होता, त्याची जुनी प्रेयसी, खाडीपलीकडे राहणारी डेझी. कधीतरी वाट चुकून ती येईल, ही आशा. ती आली, तिला ते सगळं आवडलं नाही, आणि पार्ट्या बंद झाल्या.

मग नववं प्रकरण. गॅट्सबीचा खून झालाय आणि अंत्यविधीला कुणीतरी यावं म्हणून निक जिवाचं रान करतोय. डेझीकडून फूल नाही, निरोप नाही. त्याच बंगल्यात फुकट राहिलेला क्लिपस्प्रिंगर फोन करतो तो आपले टेनिसचे बूट पाठवून द्या म्हणायला. आणि मिनेसोटाहून येतो हेन्री गॅट्झ, गॅट्सबीचा बाप. मुलगा गेल्याचं त्याला वर्तमानपत्रातून कळलेलं. खिशात मुलाच्या बंगल्याचा फोटो, कोपऱ्यांवर चिरा गेलेला, हाताळून हाताळून मळलेला. तो अभिमानाने निकला दाखवतो.

त्याच्याकडे मुलाचं लहानपणचं एक पुस्तकही आहे. मागच्या कोऱ्या पानावर १९०६ साली मुलाने दिनक्रम लिहिलेला. सहाला उठणं, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम. खाली संकल्प. आठवड्याला पाच डॉलर साठवायचे, मग पाच खोडून तीन केलेले. शेवटचा संकल्प, आईवडिलांशी अधिक चांगलं वागायचं.

तो त्याने आपल्या परीने पाळलाही होता. दोन वर्षांपूर्वी जाऊन बापाला घर घेऊन दिलं होतं. बापाला तो विसरला नव्हता, पण त्या सगळ्या पार्ट्यांत एकदाही त्याला बोलावू शकला नव्हता. माझ्यासाठी कादंबरी इथे आहे.

आणि २०१३च्या त्या भव्य चित्रपटातून नेमका हा बापच गाळला आहे! पार्ट्यांना हवा तेवढा वेळ, हेन्री गॅट्झला एक दृश्यही नाही. १९७४च्या चित्रपटात निदान तो आहे. पुस्तक छोटं आहे, नऊच प्रकरणांचं. चित्रपट पाहून ते कळलं असं वाटत असेल, तर कृपा करून शेवटचं प्रकरण वाचा.