शहरापासून लांब फ्लॅट घेताय? घ्याच!

अहो घेऊन टाका, विचार कसला करताय. फक्त एक पथ्य पाळा, साइट बघायला रविवारी सकाळीच जायचं. रस्ता मोकळा, गाडी बिल्डरची, पाऊण तासात पोचता आणि मग तो सेल्सवाला पोरगा माळाकडे बोट करून सांगतो की इथे शाळा, तिथे हॉस्पिटल, पलीकडे मेट्रो, तर आपण नुसती मान डोलवायची. सोमवारी सकाळी आठला तोच रस्ता कसा दिसतो ते बघायला जाऊ नका, उगाच मूड जातो.

काही नतद्रष्ट लोक हिशोब घेऊन येतील. जायला दीड तास, यायला दीड तास, कामाचे दिवस 240 धरले तर वर्षाचे 720 तास, म्हणजे अख्खे 30 दिवस रात्रंदिवस गाडीत. त्यांना म्हणावं, कर्जाच्या कागदावर हे कुठे लिहिलंय दाखवा! मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 1994 साली मांडलं होतं की माणूस, कुठल्याही काळातला असो, दिवसाला सरासरी तासभरच प्रवास करतो. आपण तिप्पट करणार. प्रगतीच की.

शिवाय रस्ता रुंद होणारच आहे ना. अमेरिकेत ह्यूस्टनला केटी फ्रीवे 2008 मधे रुंद करून झाला, सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी 26 लेन, आणि पुढच्या काही वर्षांत गर्दीच्या वेळेचा प्रवास आणखीनच लांबला, कारण रस्ता वाढला की गाड्या पण वाढतात. असो, आपल्याला काय त्याचं.

2020 मधे सगळे घरून काम करत होते तेव्हा लांब घर म्हणजे बाल्कनीतून डोंगर असं वाटून माझ्यासारख्या बऱ्याच शहाण्यांनी बुकिंग केलं, मग ऑफिसने परत बोलावलं. डोंगर आहे अजून जागेवर, मी तो फक्त अंधारात बघतो. घर स्वस्तात पडलं, पण डोकेदुखीची गोळी आणायची तरी गाडी काढावी लागते, म्हणून दुसरी गाडी घेतली, आता हप्ते दोन आणि डोकेदुखी रोजची.

विकायचं म्हणाल तर शेजारीच बिल्डरची फेज टू उभी आहे, कोरी करकरीत, माझ्याहून कमी भावात आणि वर मॉड्युलर किचन फुकट. माझा फ्लॅट बघायला आत्तापर्यंत तीन पार्ट्या येऊन गेल्या. तिन्ही सोमवारी आल्या होत्या.

तुम्ही रविवारी या.