‘मुलांचाच तर पिक्चर आहे’ : ‘द गोल्डन कंपास’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची लांबलचक कमेंट वाचली आणि खरं सांगू का, बरं वाटलं, कारण ‘छान लिहिलंय’च्या पुढे फारसं कुणी जातच नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ‘द गोल्डन कंपास’ला (२००७) मी उगाच झोडपलंय, हा मुलांचा पिक्चर आहे, त्याला फिलिप पुलमनच्या मूळ पुस्तकाची फूटपट्टी कशाला, ऑस्कर मिळालं, जगभरात गल्ला जमला, आणि शेवट गोड केला तर बिघडलं कुठे.

ऑस्करबद्दल वादच नाही. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर त्या वर्षी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ला हरवून या पिक्चरला मिळालं आणि माझ्या मते योग्यच मिळालं. पण का ते बघा ना. या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात, म्हणजे डीमन म्हणून, शरीराबाहेर सोबत फिरतो आणि त्याला लागलं की माणसाला दुखतं. व्हिलन मिसेस कूल्टरच्या (निकोल किडमन) घरातला तो सीन आठवा, छोटी नायिका लायरा खांद्यावरची बॅग काढायला नकार देते आणि बाई आवाजही चढवत नाही, फक्त तिचा डीमन, ते सोनेरी माकड, लायराच्या डीमनवर, पॅनवर, झडप घालून त्याला जमिनीवर दाबून धरतं आणि इकडे लायरा कळवळते. कुणी काही समजावत नाही, तरी आठ वर्षांच्या पोरालाही कळतं की ही बाई काय चीज आहे. नंतर एकदा ती स्वतःच्याच माकडाला थोबाडीत मारते आणि लगेच जवळ घेते. निकोल किडमनचं काम मला या पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त आवडलं ते याच्यामुळे. लायरा झालेली डकोटा ब्लू रिचर्ड्सपण मस्तच, पहिलाच पिक्चर असून कुठे बावरलेली वाटत नाही.

आता हाच पिक्चर सुरू कसा होतो? पडद्यावर काही घडायच्या आधीच निवेदन. अनेक जगं आहेत, त्यात डीमन असतात, डस्ट नावाची गूढ धूळ आहे, मॅजिस्टेरियम म्हणजे चर्चसारखी हुकूम चालवणारी सत्ता आहे, खरं काय ते सांगणारा कंपास आहे, सगळं एका दमात सांगून मोकळे. पुस्तकात डस्ट म्हणजे काय हे लायराला माहीत नसतं म्हणून आपल्यालाही माहीत नसतं आणि त्या कुतूहलावर तर अख्खी गोष्ट पळते. इथे कोडं घालायच्या आधीच अर्धं उत्तर हातात. हे मी पुस्तकाचा भक्त म्हणून बोलत नाहीये बरं का, पुस्तक कधी पाहिलंही नसेल तरी ती पहिली दोन मिनिटं वर्गात बसल्यासारखीच वाटतात.

माझी खरी तक्रार ही आहे की जिथे पिक्चर मुलांवर विश्वास टाकतो तिथे तो भारी आहे आणि जिथे त्यांना जपायला जातो तिथे मार खातो. व्हिलन लोक पळवलेल्या मुलांना त्यांच्या डीमनपासून तोडतात, अशा एका मुलाचा सीन घ्या. पुस्तकात लायराला तो मासे वाळवायच्या खोपटात सापडतो, डीमन नाही म्हणून एक सुकलेला मासा छातीशी घट्ट धरून बसलेला. तो नंतर मरतो आणि मोठ्यांपैकी कुणीतरी त्याचा तो मासा काढून कुत्र्यांना टाकतं म्हणून लायरा जी भडकते ना, ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पिक्चरमध्ये मुलगा वेगळा, मासा गायब, सीन पटकन उरकला. हे प्रकरण सांभाळून घेतलं की व्हिलन नक्की काय भयंकर करतायत हेच पोचत नाही, मग मुलांना जिथे तोडतात त्या बोल्वंगारची मारामारी कशासाठी चाललीय?

आणि शेवट. (पुस्तक वाचायचं असेल तर हा पॅरा सोडा.) पुस्तकाच्या शेवटी लायरा जिवाचं रान करून आपल्या मित्राला, रॉजरला सोडवते आणि ज्या बापाकडे विश्वासाने घेऊन जाते तोच बाप रॉजरला मारून दुसऱ्या जगाची वाट उघडतो. हे सगळं शूट झालं होतं हो! नंतर कापलं, पुढच्या भागात टाकू म्हणून. पिक्चर संपतो तेव्हा दोघं पोरं खुशीत बलूनमधून त्याच बापाकडे निघालीयत. पुढचा भाग आलाच नाही, त्यामुळे ‘गोड शेवट’ म्हणताय तो शेवटच नाहीये, मधेच लाइट गेलेत.

पुस्तकात मॅजिस्टेरियमच्या आडून चर्चवर केलेली टीकाही अशीच बोथट केली. तरी अमेरिकेत कॅथलिक लीग या धार्मिक संघटनेने बहिष्काराची हाक दिलीच, आणि वाचकही नाराज. तेलही गेलं, तूपही गेलं.

गल्ल्याचं म्हणाल तर आकडा अर्धाच सांगितलात. बजेट साधारण १८ कोटी डॉलर, जगभरात जवळपास ३७ कोटी आले हे खरं, पण त्यात अमेरिकेतले फक्त ७ कोटींच्या आसपास, आणि पिक्चर काढणाऱ्या न्यू लाइन कंपनीने बजेट उभं करायला परदेशातले हक्क आधीच विकून टाकलेले, म्हणजे पिक्चर जिथे चालला तिथला पैसा दुसऱ्यांच्या खिशात. २००८ मध्ये कंपनी वॉर्नर ब्रदर्समध्ये विलीन झाली. एकट्या या पिक्चरने बुडवली असं मी म्हणणार नाही, पण हातभार लागलाच.

‘लहान मुलांना एवढं क्रूर कशाला दाखवायचं’ असंही तुम्ही लिहिलंय. मला सांगा, अस्वलांच्या झुंजीत लायराचा अस्वल-दोस्त इओरेक एका फटक्यात समोरच्याचा जबडा उडवतो, जबडा गरगरत जाऊन पडतो, तो सीन त्यांनी ठेवलाय की! थिएटरमध्ये पोरं टाळ्या वाजवतील असा सीन आहे तो, आणि मलाही आवडतो. म्हणजे जबडा उडालेला चालतो, मित्र गेल्याचं दुःख चालत नाही? रक्त दिसलं नाही की झाला फॅमिली पिक्चर, असा हिशोब दिसतोय.

मुलीला दाखवू का विचारलंत, तर नक्की दाखवा, अस्वलांसाठी आणि माकडासाठी तरी दाखवाच. फक्त बलून उडाल्यावर ती ‘पुढे काय झालं?’ विचारेल, तेव्हा पुस्तक जवळ असू द्या आणि शेवटची तीन प्रकरणं तिला एकटीला वाचायला देऊ नका, सोबत बसा.