खुलासा : पातळ पेजेनं पोट भरतं, पोषण होत नाही
'महागडी पावडर परवडत नसेल तर बाळाला पातळ पेज पोटभर पाजा, तेवढं पुरतं' असा मेसेज फिरतोय. पावडर लागत नाही, हे खरं. पुढचं मात्र चूक. ८ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिली मावतं. ती जागा पाण्यानंच भरली तर बाळ गप्प झोपेल, पण अंग धरणार नाही. ६ महिने पूर्ण झाले की अंगावरच्या दुधासोबत घरचंच मऊ, कुस्करलेलं अन्न द्या. चमचा तिरका केला तरी ओघळू नये, इतकं घट्ट. त्यात डाळ किंवा अंडं, वर थोडं तेल. आधी दिवसातून २-३ वेळा, ९ महिने पूर्ण झाले की ३-४ वेळा. आणि लोह? वजनाच्या मानानं या वयात ते सर्वांत जास्त लागतं, पेजेत मात्र नसल्यातच जमा.